विश्लेषण : काचेच्या भिंती, सपाट छत, एकच मजला... अमेरिकेतील १९५०च्या दशकातील उपनगरी घरे वाचवण्याची धडपड कशासाठी?

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो, सनीवेल किंवा कुपर्टिनो या गावांतून फिरताना एखाद्या गल्लीत बुटकी, एकसारखी घरे ओळीने दिसतात. रस्त्याच्या बाजूला धड खिडकी नाही, छत जवळजवळ सपाट आणि वर मजला नाही. नवख्या माणसाला ही मोटारींची गॅरेजेस वाटावीत. मात्र यातील एखादे घर पाडून तिथे दुमजली बंगला बांधण्याचा अर्ज नगर परिषदेकडे आला, की शेजारपाजारचे रहिवासी हरकती घेऊन सुनावणीला येतात. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ या नावाने ओळखली जाणारी ही घरे आता ५० ते ७५ वर्षांची झाली आहेत. ती जपायची की पाडायची, आणि जपायची तर कोणासाठी, हा वाद अमेरिकेच्या अनेक उपनगरांत सुरू आहे.

मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या मध्यावर, साधारण १९४५ ते १९७० या काळात अमेरिकेत रुजलेली ही घरबांधणीची आणि अंतर्गत सजावटीची शैली. वॉल्टर ग्रोपियस, मीस व्हॅन डर रोहे यांच्यासारखे युरोपातील आधुनिकतावादी वास्तुरचनाकार १९३०च्या दशकात अमेरिकेत आले. त्यांचे विचार आणि फ्रँक लॉइड राइट यांची जमिनीशी सलगी करणारी अमेरिकी घरे, या दोन्हींचा संस्कार या शैलीवर आहे. नक्षीकाम नाही, उतरत्या छपरांचा डौल नाही, खोटे खांब नाहीत. खांब आणि तुळया उघड्या दिसतात, भिंतीऐवजी मोठ्या काचा असतात आणि घर व अंगण यांतली सीमारेषा पुसट असते.

या शैलीचा प्रचार करण्यात ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या नियतकालिकाचा मोठा वाटा होता. त्याचे संपादक जॉन एंटेन्झा यांनी १९४५ मध्ये ‘केस स्टडी हाऊस’ हा उपक्रम सुरू केला. युद्धानंतरच्या कुटुंबांसाठी नव्या साहित्यातून, माफक खर्चात घर कसे बांधता येईल याचे नमुने उभारणे हा त्याचा हेतू. चार्ल्स आणि रे इम्स या दाम्पत्याचे लॉस एंजेलिसमधील १९४९ चे घर याच उपक्रमातले. मात्र ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नाव रूढ झाले ते बऱ्याच नंतर, कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ मधील फर्निचरविषयक पुस्तकामुळे.

ही घरे उपनगरांतच का उभी राहिली?

दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परतले तेव्हा अमेरिकेत घरांची भीषण टंचाई होती. १९४४ च्या ‘जीआय बिल’ने माजी सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळू लागले. मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. त्यामुळे शहराबाहेरच्या शेतजमिनी आणि फळबागा विकत घेऊन तिथे एका दमात शेकडो घरे बांधण्याचा धंदा फोफावला. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरचे ‘लेव्हिटटाऊन’ हे त्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण. १९४७ ते १९५१ या काळात तिथे १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

यांतील बहुसंख्य घरे दिसायला पारंपरिक होती. उतरते छप्पर, पुढे हिरवळ, रस्त्याकडे पाहणारी खिडकी. आधुनिक शैलीचे घर हवे तर वास्तुरचनाकार नेमावा लागे आणि ते श्रीमंतांनाच परवडे. काही मोजक्या बांधकाम व्यावसायिकांनी मात्र याच घाऊक पद्धतीने आधुनिक घरे बांधून ती मध्यमवर्गाला विकायचे ठरवले. कोलोरॅडोतील ‘अरापाहो एकर्स’, व्हर्जिनियातील ‘हॉलिन हिल्स’, कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जमध्ये अलेक्झांडर कंपनीने वास्तुरचनाकार विल्यम क्रायझल यांच्या आराखड्यांवरून उभारलेल्या वसाहती, ही त्याची काही उदाहरणे. या साऱ्यांत सर्वाधिक घरे बांधणाऱ्यांमध्ये नाव येते ते जोसेफ आयक्लर यांचे.

जोसेफ आयक्लर कोण होते?

आयक्लर (१९००-१९७४) मूळचे न्यूयॉर्कचे. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत ते सासरच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापारात होते. १९४०च्या दशकात काही काळ त्यांचे कुटुंब हिल्सबरो येथील, फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेल्या ‘बॅझेट हाऊस’मध्ये भाड्याने राहिले. त्या घरात राहण्याचा अनुभव त्यांच्या मनातून गेला नाही. वयाच्या चाळिशीत ते बांधकाम व्यवसायात उतरले. सुरुवातीला त्यांनीही चारचौघांसारखी घरे बांधली. मग रॉबर्ट अॅन्शेन या वास्तुरचनाकाराशी गाठ पडली आणि व्यवसायाची दिशाच बदलली.

१९४९-५० पासून पुढच्या पंचवीस वर्षांत आयक्लर यांच्या कंपन्यांनी सुमारे ११ हजार घरे बांधली. त्यांतील बहुतेक सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात आहेत. एकट्या पालो आल्टोत अडीच हजारांहून अधिक आहेत. अॅन्शेन आणि अॅलन, क्विन्सी जोन्स आणि फ्रेडरिक एमन्स, क्लॉड ओकलंड अशा नामवंत वास्तुरचनाकारांकडून ते आराखडे करून घेत. मोजके आराखडे शेकडो घरांसाठी वापरले, की प्रत्येक घरामागे वास्तुरचनेचा खर्च नगण्य होतो, हे त्यांचे साधे गणित होते. सुरुवातीच्या घरांची किंमत १० हजार डॉलरच्या आसपास होती. १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतील उंच इमारतींच्या प्रकल्पांत हात पोळले आणि १९६७ मध्ये त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. तरीही आयक्लर मृत्यूपर्यंत लहान प्रमाणावर घरे बांधत राहिले.

या घरांत वेगळे काय असते?

रस्त्याकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड, हे या घराचे सूत्र. समोरून दिसते ते मोटारीचे गॅरेज आणि उभ्या लाकडी पट्ट्यांची कोरी भिंत. आत शिरल्यावर मात्र मागची अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची आणि तिच्यापलीकडे परसबाग. छताचा भार खांब आणि तुळयांवर असल्याने काचेच्या भिंतीला तो पेलावा लागत नाही. तुळया घरातून सरळ बाहेर छज्जापर्यंत जातात, त्यामुळे खोली कुठे संपली आणि अंगण कुठे सुरू झाले हे नजरेला चटकन कळत नाही.

जमीन म्हणजे काँक्रीटची एक सलग लादी. तिच्यात नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून गरम पाणी फिरते. हिवाळ्यात पायाखालून ऊब येते. भिंतींना आतून गिलाव्याऐवजी महोगनीच्या पातळ फळ्या असतात. स्वयंपाकघर बंदिस्त नसते, तिथे काम करणाऱ्याला बैठकीची खोली आणि अंगणात खेळणारी मुले दिसतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक घरांत मधोमध उघड्या आकाशाचा चौकोन आला. मराठी वाचकाला हा ‘एट्रियम’ म्हणजे वाड्यातला चौकच वाटेल. दिंडी दरवाजातून आत यावे आणि चौकात पाऊल पडावे, तसे मुख्य दार उघडले की पाहुणा आधी या चौकात येतो आणि मग घरात.

हे सारे आज ओळखीचे वाटते. मोकळे स्वयंपाकघर, सरकत्या काचा, घरातून दिसणारी बाग यांच्या जाहिराती आता पुण्या-मुंबईतील गृहप्रकल्पांतही असतात. हजार-बाराशे चौरस फुटांच्या साध्या घरात हे १९५० मध्ये देणे हे आयक्लर यांचे वेगळेपण. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक सनीवेलमधील अशाच घरात वाढले. स्टीव्ह जॉब्ज यांनीही साधी, देखणी आणि सामान्यांना परवडणारी वस्तू करण्याची ओढ आपल्याला या घरांमुळे लागली असे चरित्रकाराला सांगितले होते. ते लहानपणी राहिले ते घर मात्र आयक्लर यांचे नसून त्याच धर्तीवर बांधणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे असल्याचे नंतर पुढे आले.

या घरांना सामाजिक इतिहास कोणता?

युद्धोत्तर उपनगरे गोऱ्यांसाठी होती, हे अमेरिकी इतिहासातले उघड सत्य आहे. लेव्हिटटाऊनच्या सुरुवातीच्या करारांत बिगर-गोऱ्यांना तिथे राहण्यास मनाई करणारे कलम होते. अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, तरी प्रत्यक्षात भेदभाव थांबला नाही. केंद्रीय गृहकर्ज यंत्रणाही मिश्रवर्णीय वस्त्यांना ‘जोखमीच्या’ मानत असे. लॉस एंजेलिसजवळ रेसिडा येथे वास्तुरचनाकार ग्रेगरी एन यांनी आखलेली सहकारी वसाहत याच कारणाने बारगळली. तिच्या सभासदांत कृष्णवर्णीयही होते आणि त्यांना वगळल्याशिवाय कर्जाची हमी मिळेना.

या पार्श्वभूमीवर आयक्लर यांनी आपली घरे वर्ण वा धर्म न पाहता विकण्याचे धोरण ठेवले. अमेरिकेतील बांधकाम व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना भेदभावविरोधी धोरणाला पाठिंबा देईना, म्हणून १९५८ मध्ये त्यांनी तिचा राजीनामा दिला. घरविक्रीतील भेदभावाला बंदी करणारा केंद्रीय कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये आला. त्यामुळे या वसाहती जपण्याचे कारण केवळ देखणेपण नाही, हा इतिहासही आहे, असे संवर्धनवादी सांगतात.

धोका कशाचा आहे?

पहिला धोका जमिनीच्या किमतीचा. सिलिकॉन व्हॅलीत घरापेक्षा त्याखालची जमीन कितीतरी महाग झाली. एकेकाळी १० हजार डॉलरला विकले गेलेले घर आज पालो आल्टोत २० लाख डॉलरच्या आत मिळणे मुश्कील आहे. एवढे पैसे मोजून घेतलेल्या जागेवर लहानसे एकमजली घर ठेवणे अनेकांना परवडत नाही. ते पाडून दुमजली बंगला बांधला, की क्षेत्रफळ दुप्पट होते.

नामवंत वास्तुरचनाकारांची घरेही यातून सुटलेली नाहीत. रिचर्ड न्यूट्रा यांनी रँचो मिराज येथे बांधलेले १९६२ चे ‘मॅस्लन हाऊस’ नव्या मालकाने २००२ मध्ये जमीनदोस्त केले. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवूड भागातील क्रेग एलवूड यांचे १९५० चे ‘झिमरमन हाऊस’ २०२४ मध्ये पाडण्यात आले.

दुसरा धोका निसर्गाचा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांत ही घरे मोठ्या संख्येने गेली. त्यांपैकी ‘ईटन’ वणव्याने अल्टाडिना भागात ९ हजारांहून अधिक बांधकामांची राख केली. त्यात ग्रेगरी एन यांच्या १९४०च्या दशकातील ‘पार्क प्लॅन्ड होम्स’ वसाहतीतील बहुतांश घरेही होती. पॅलिसेड्स भागातील वणव्यातून इम्स दाम्पत्याचे घर वाचले.

तिसरा धोका घरांच्या वयाचा. एकेरी काचांतून उन्हाळ्यात उष्णता आत येते आणि हिवाळ्यात ऊब बाहेर जाते. छत पातळ असते, त्यावर पोटमाळा नसतो, त्यामुळे उष्णतारोधक थर घालायला जागा नसते. लादीतल्या नळ्या गळू लागल्या की दुरुस्ती खर्चिक होते. कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई होती, तेव्हा अनेक घरांत तांब्याऐवजी पोलादी नळ्या घातल्या गेल्या. त्या गंजून आधी निकामी झाल्या.

एका घराचा प्रश्न साऱ्या गल्लीचा कसा होतो?

या वादाचे मर्म इथे आहे. गॉथिक चर्च किंवा जुना राजवाडा एकटा जपता येतो. शेजारी काहीही उभे राहिले तरी त्याचे वास्तुरूप टिकते. आयक्लर यांच्या घराचे तसे नाही. त्याची मागची भिंत पूर्ण काचेची आहे. तरीही राहणाऱ्याला उघड्यावर असल्यासारखे वाटत नाही, कारण परसाला पुरुषभर उंचीचे कुंपण आहे आणि त्यापलीकडचे प्रत्येक घर एकमजली आहे. सगळी घरे बुटकी आहेत, म्हणून सगळ्यांच्या काचा सुरक्षित आहेत. वसाहतीचा आराखडाच तसा आहे.

आता मागच्या भूखंडावर दुमजली घर आले, तर त्याच्या वरच्या खिडक्यांतून कुंपणाच्या या बाजूची बैठकीची खोली, झोपण्याची खोली आणि चौकही दिसतो. दुपारचे ऊनही अडते. रहिवासी पडदे लावतो आणि ते कायमचे लागतात. काचेचे घर पडद्याचे घर होते. मग त्या घराच्या मालकालाही ते जपण्यात अर्थ वाटेनासा होतो आणि पुढे तेही विकासकाकडे जाते. एक घर पाडल्याने आसपासची चार-पाच घरे अशी निरुपयोगी होऊ लागतात.

म्हणूनच या चळवळीत ‘घर वाचवा’ यापेक्षा ‘वसाहत वाचवा’ ही मागणी मोठी आहे. एखाद्या मालकाने आपले घर कितीही प्रेमाने सांभाळले, तरी शेजाऱ्याची साथ नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. उलट बाजूने पाहिले तर शेजाऱ्याने स्वतःच्या जमिनीवर काय बांधावे हे आपण ठरवायचे का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

जतनासाठी कोणते कायदे आहेत?

अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात समावेशासाठी साधारणपणे वास्तू ५० वर्षांची असावी लागते. अरापाहो एकर्स ही १९४९ ते १९५७ या काळात बांधलेली वसाहत १९९८ मध्ये नोंदवहीत आली. युद्धोत्तर निवासी वसाहतीला असा दर्जा मिळण्याची ती पहिली वेळ होती. पालो आल्टोतील आयक्लर यांच्या ‘ग्रीन गेबल्स’ आणि ‘ग्रीनमेडो’ या वसाहती २००५ मध्ये नोंदवहीत आल्या.

मात्र या नोंदीला मान अधिक आणि दात कमी आहेत. स्वतःच्या पैशाने स्वतःचे घर पाडणाऱ्या मालकाला ती रोखू शकत नाही. खरे संरक्षण मिळते ते स्थानिक नियमांतून. लॉस एंजेलिसने ग्रेगरी एन यांच्या ‘मार व्हिस्टा’ वसाहतीला २००३ मध्ये आणि आयक्लर यांच्या ‘बाल्बोआ हायलंड्स’ला २०१० मध्ये संरक्षित विभागाचा दर्जा दिला. तिथे दर्शनी भागात बदल करण्याआधी परवानगी लागते. ऑरेंज शहरानेही २०१८ मध्ये आपल्या हद्दीतील आयक्लर यांच्या तीन वसाहतींना स्थानिक वारसा विभाग ठरवले.

पालो आल्टोने वेगळी वाट धरली. तिथे वसाहतीतील पुरेशा मालकांनी मागणी केली, तर त्या वसाहतीत दुसरा मजला चढवण्यास बंदी घालता येते. त्यासाठी साधारण ७० टक्के मालकांची संमती लागते आणि मूळ खरेदी करारातच एकमजली घराची अट असेल तर ६० टक्के पुरतात. काही वसाहतींनी ही संमती जुळवली, काहींचे अर्ज रहिवाशांतील मतभेदांमुळे बारगळले. सनीवेल, कुपर्टिनो आणि पालो आल्टो या तिन्ही शहरांनी आयक्लर वसाहतींत दुरुस्ती व वाढीव बांधकाम कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली आहेत.

आर्थिक आधार तुटपुंजा आहे. वारसा वास्तूंच्या नूतनीकरणावर मिळणारी २० टक्क्यांची केंद्रीय करसवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूंसाठी आहे, मालक स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या १९७२ च्या ‘मिल्स कायद्या’नुसार मात्र जी शहरे ही योजना राबवतात, तिथे मालकाने किमान १० वर्षांचा जतनाचा करार केल्यास मालमत्ता करात सूट मिळते.

मग विरोध कोणाचा आणि का?

पहिला विरोध वसाहतींच्या आतूनच आहे. कुटुंब वाढले, आईवडील सोबत राहायला आले, तर जागा आणायची कुठून, असा प्रश्न मालक विचारतात. कुपर्टिनो, सनीवेल या गावांत भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. नातवंडांसाठी सहा-सहा महिने येणारे आजी-आजोबा हा तिथला नेहमीचा अनुभव. व्हर्जिनियातील हॉलिन हिल्समध्ये सुमारे साडेचारशे घरांच्या वसाहतीला २०२२ मध्ये स्थानिक वारसा विभागाचा दर्जा मिळाला, तेव्हाही रहिवाशांत उघड दोन तट पडले होते. खिडकी बदलायलाही परवानगी कशाला, असे एका गटाचे म्हणणे होते.

दुसरा विरोध अधिक मूलभूत आहे. कॅलिफोर्नियात घरांची टंचाई इतकी आहे, की शिक्षक, परिचारिका, अग्निशमन जवान यांना कामाच्या गावात राहणे परवडत नाही. यावर उपाय म्हणून राज्याने २०२१ मध्ये ‘सिनेट बिल ९’ मंजूर केले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या कायद्याने एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडाचे दोन भाग करून त्यावर एकूण चार घरांपर्यंत बांधणे शक्य झाले. वारसा विभागांना या कायद्यातून वगळण्यात आले आहे. मेख इथेच आहे. नवी घरे आणि नवे शेजारी नकोत, म्हणून श्रीमंत वस्त्या वारशाचे निमित्त पुढे करतील, अशी शंका गृहनिर्माण हक्कांचे कार्यकर्ते घेतात. ती अगदीच निराधार नाही. वारसा विभागाच्या सवलतीचा आधार घेऊन कायद्यातून सुटू पाहणाऱ्या पॅसाडीना शहराला राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२२ मध्ये ताकीद दिली होती. त्याच वर्षी वुडसाइड या धनाढ्य गावाने तर आपले सारे गावच डोंगरी सिंहाचा अधिवास असल्याचा दावा केला आणि टीकेनंतर तो मागे घेतला.

ज्या घरांचे दार सर्वांसाठी उघडे होते, तीच घरे आता मोजक्यांना परवडतात आणि त्यांच्या रक्षणाचे नियमही नव्यांना बाहेर ठेवू शकतात, हा यातला विरोधाभास आहे.

मधला मार्ग आहे का?

काही प्रमाणात आहे. पालो आल्टोत जी बंदी आहे ती दुसऱ्या मजल्यावर आहे, खोल्या वाढवण्यावर नाही. मागच्या किंवा बाजूच्या अंगाने एकमजली वाढ करता येते. कॅलिफोर्नियात परसदारी लहान दुय्यम घर बांधण्याचे नियमही गेल्या काही वर्षांत बरेच सैल झाले आहेत. असे घर बुटके ठेवले आणि त्याच्या खिडक्या शेजाऱ्याच्या काचेसमोर येऊ दिल्या नाहीत, तर जागाही वाढते आणि आडोसाही राहतो. आजी-आजोबांची सोय होते किंवा एखाद्या भाडेकरूला छप्पर मिळते. मोठी गृहसंकुले रेल्वे स्थानकांजवळ आणि मुख्य रस्त्यांवर उभारावीत, म्हणजे वसाहतींवरचा ताण कमी होईल, असाही एक युक्तिवाद आहे. पण तो करणाऱ्यांनी त्या संकुलांनाही विरोध केला, तर त्यांच्या वारसाप्रेमावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

घर टिकवण्याचे तंत्रही आता सुधारले आहे. सपाट छतावर बाहेरून उष्णतारोधक फोमचा थर देता येतो, त्यामुळे आतल्या लाकडी छताला हात लावावा लागत नाही. एकेरी काचांच्या जागी बारीक चौकटीच्या दुहेरी काचा बसतात. लादीतल्या नळ्यांची गळती शोधून तेवढाच भाग खोदता येतो. मूळ नमुन्याच्या लाकडी पट्ट्या कापून देणारे लहान उत्पादकही आहेत. संवर्धनवाद्यांचा सल्ला साधा आहे. घर घेतल्यावर लगेच तोडफोड करू नका. आधी वर्षभर राहा, ऊन कुठून येते आणि सावली कुठे पडते ते पाहा, मग काय बदलायचे ते ठरवा.

आवड वाढल्याचाही फायदा झाला आहे. पाम स्प्रिंग्जमध्ये २००६ पासून दर वर्षी ‘मॉडर्निझम वीक’ भरतो आणि लोक तिकीट काढून ही घरे पाहायला येतात. ‘मॅड मेन’सारख्या मालिकांनी त्या काळाच्या सजावटीला पुन्हा मागणी आणली. चांगल्या स्थितीतील मूळ घराला आता खास ग्राहक मिळतो. पाडण्यापेक्षा जपणे फायद्याचे ठरू लागले, तर कायद्याचे काम हलके होते.

भारताशी याचे काही नाते आहे का?

आहे, आणि ते थेट कोकणापर्यंत पोहोचते. सिंधुदुर्गातील आचरे येथे १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकला शिकले आणि १९४०च्या दशकात हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांचे विद्यार्थी झाले. ग्रोपियस तेव्हा बोस्टनजवळच्या लिंकन या उपनगरात, १९३८ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या आधुनिक घरात राहत असत. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. कानविंदे यांनी परतल्यावर स्वतंत्र भारतातील प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि कानपूरच्या आयआयटीचे संकुल रचले. चार्ल्स आणि रे इम्स यांनी भारत सरकारसाठी १९५८ मध्ये लिहिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली.

या काळातील भारतीय वास्तूंचे जतन मात्र कठीण आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातील १९७२ चे ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडण्यात आले. वारसा ठरण्यासाठी वास्तू ६० वर्षांची असावी, हा निकष तेव्हा आड आला. वास्तू ४५ वर्षांची होती. महाराष्ट्रातील शहरांतही १९५० ते १९७० या काळातील बंगले आणि लहान सहकारी सोसायट्या पुनर्विकासाच्या रांगेत आहेत आणि त्यांना ‘जुनी’ म्हटले जाते, ‘वारसा’ म्हटले जात नाही. अमेरिकेतही १९९८ पर्यंत, म्हणजे अरापाहो एकर्सची नोंद होईपर्यंत, अशीच स्थिती होती. त्या घरांची किंमत कळेपर्यंत त्यांतली बरीच पाडून झाली होती.